जारवांच्या शाळेचा आग्रह मी का सोडला

अंदमानच्या जंगलात राहणाऱ्या जारवांना शाळेत आणलं पाहिजे, त्यांच्यापर्यंत दवाखाना पोचला पाहिजे, त्यांची नावं मतदारयादीत आली पाहिजेत, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. शिक्षकांच्या मेळाव्यांत म्हटलं, व्याख्यानांत म्हटलं, आणि ‘त्यांना आहेत तसं राहू द्या’ असं म्हणणाऱ्यांशी कडाकडा भांडलेही. आज मी त्या बाजूला नाही. उत्तर सेंटिनल बेटावर कोणीही पाऊल ठेवू नये, जारवांच्या जंगलातून जाणारा रस्ता पर्यटकांसाठी बंद व्हावा, आणि त्या लोकांनी मागितल्याशिवाय आपण त्यांना काहीही नेऊन देऊ नये, असं मला आता मनापासून वाटतं. हे मत कसं पालटलं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं, कारण जुनं मतही मी उगाच धरलेलं नव्हतं.

माझी नोकरी डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गेली, आश्रमशाळेत. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभं केलं, ते बघत आम्ही शिकवायला शिकलो. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून मी त्या भागात आले होते. कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि जमीन गेली, अशी गोष्ट त्या काळी प्रत्येक पाड्यावर कोणी ना कोणी सांगायचं. सातबारा वाचता येणारा एक मुलगा घरात असला की सावकाराचा आवाज कसा खाली येतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि हेही पाहिलं, की ‘आदिवासी आपल्या जंगलात सुखी आहेत, त्यांना कशाला शिकवता’ असं सांगणारे बहुतेक जण त्यांच्या अडाणीपणावर जगणारेच असत. त्यामुळे अंदमानच्या बाबतीत कोणी तेच वाक्य म्हटलं की माझं डोकं तापायचं. मला त्यात जमीनदाराचाच आवाज ऐकू यायचा.

तेव्हा अंदमानबद्दल मला माहीत तरी काय होतं? आपल्या घराघरांत जेवढं असतं तेवढंच. अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. ‘माझी जन्मठेप’ मी शाळेत असताना वाचलं, आणि कोलू, दंडाबेडी, काथ्या कुटणं हे शब्द कायमचे मनात बसले. बाबाराव आणि तात्याराव, एकाच तुरुंगात दोघे भाऊ, आणि एकमेकांना भेटण्याची बंदी. मराठी माणूस अंदमानला जातो तो यात्रेला गेल्यासारखा जातो, आणि ते योग्यच आहे. मीही त्या कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. पण त्या यात्रेत बेट कुठेच नव्हतं. होता तो तुरुंग, आणि त्याच्या चहूबाजूंनी पळून जाता येऊ नये म्हणून पसरलेला समुद्र. मधलं जंगल रिकामं होतं, कोणाचंच नव्हतं.

बेटाकडे असं रिकामं म्हणून बघायची सवय आपल्याला पुस्तकांनीही लावली आहे. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट 1719 सालची. आम्ही ती संक्षिप्त मराठीत वाचली, मुलांना वाचूनही दाखवली. तिथे बेट वाट बघत असतं कोणीतरी गोरा माणूस येऊन ते वसवेल याची, आणि जो माणूस आधीपासून त्या भागातला आहे, त्याला नावसुद्धा आलेला पाहुणा देतो. कॉनन डॉईलच्या 1890 सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तर थेट अंदमानी माणूस आहे, टोंगा नावाचा. तो फुंकणीतून विषारी काटे मारतो. अंदमानी लोक फुंकणी वापरत नाहीत, धनुष्यबाण वापरतात. पण इंग्लंडातल्या वाचकाला याची गरज नव्हती. मार्को पोलोने सहाशे वर्षं आधी या बेटांवरच्या माणसांना कुत्र्याची डोकी लावली होती. प्रत्यक्ष त्या किनाऱ्यावर कोण राहतं, काय खातं, मुलांना कसं वाढवतं, हे त्यांपैकी कोणालाच बघायचं नव्हतं.

माझं बघणं बदललं ते तुरुंगाच्याच इतिहासामुळे. 10 मार्च 1858 रोजी डॉक्टर वॉकर नावाचा अधिकारी दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. 1857 च्या उठावातले लोक होते ते. त्यांच्याकडून जंगल तोडून घ्यायला सुरुवात झाली. हे जंगल ग्रेट अंदमानी लोकांचं. वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या दहा जमाती, मिळून काही हजार माणसं. पुढच्या वर्षी त्यांनी वसाहतीवर हल्ले केले. मॉरिस पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे या साऱ्याचा मोठा इतिहास लिहिला. त्यात एक नोंद आहे, की हल्ला करणाऱ्यांनी पायांत बेड्या असलेल्या कैद्यांना हात लावला नाही. ज्यांच्या पायांत बेड्या नव्हत्या त्या मुकादमांवर आणि पहारेकऱ्यांवर त्यांचे बाण होते.

ही नोंद वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. भाषा येत नाही, हे लोक कुठून आले ते माहीत नाही, आणि तरी त्यांनी एका नजरेत ओळखलं की यातले बांधलेले कोण आणि बांधणारे कोण. आम्ही मात्र त्या कैद्यांना वंदन करताना, त्यांना वगळून बाण सोडणाऱ्यांची नावंही विचारली नव्हती. मे 1859 मध्ये शेवटची मोठी लढाई झाली, अॅबर्डीनची. दूधनाथ तिवारी नावाचा शिपाई कैदी पळून वर्षभर या लोकांत राहिला होता, त्यांच्यात लग्न करून. त्यानेच परत येऊन इंग्रजांना हल्ल्याची खबर दिली. धनुष्यबाण आणि बंदुका यांचा सामना जसा व्हायचा तसा झाला.

त्यानंतर जे घडलं, त्याने माझ्यातल्या शिक्षिकेचं बोलणं थांबवलं. 1863 मध्ये रॉस बेटावर ‘अंदमान होम’ सुरू झालं. काढणारा पाद्री होता. हेतू असा, की या लोकांना निवारा द्यावा, कपडे द्यावेत, इंग्रजी शिकवावं, कामाची सवय लावावी. म्हणजे आश्रमशाळाच. क्रूरपणासाठी काढलेली नव्हती, भल्यासाठी होती. त्या घरांत जन्मलेल्या दीडशे बाळांपैकी एकही दोन वर्षांच्या पुढे जगलं नाही, अशी नोंद आहे. आधी उपदंश पसरला, मग 1877 मध्ये गोवराची साथ आली. 1901 च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले 625. 1961 मध्ये एकोणीस. पुढे उरलेल्यांना स्ट्रेट नावाच्या छोट्या बेटावर वसवलं. त्यांच्यातली बोआ सीनियर ही आजी 26 जानेवारी 2010 रोजी वारली. बो ही भाषा बोलणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी तिच्याकडून शब्द, गाणी, पक्ष्यांची नावं टिपून घेत होत्या, म्हणून निदान तेवढं तरी राहिलं. तिच्या भाषेत बोलायला कोणीच नसल्यामुळे ती पाखरांशी बोलायची, असं अन्विताबाईंनी सांगितलं आहे.

मग मी चारही जमातींचं एकेक पान लावून बघितलं. ग्रेट अंदमानींशी आपण सर्वांत आधी जवळीक केली. त्यांचं हे असं झालं. लिटल अंदमानच्या ओंगींशी त्यानंतर, 1880 च्या दशकात. 1901 मध्ये ते 672 होते, 2001 मध्ये 96. त्यांच्या बेटावर पुढे निर्वासितांच्या वसाहती आल्या, लाकूडतोड आली, आणि ते एका कोपऱ्यातल्या वस्तीत रेशनवर आले. जारवा 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाण मारून सगळ्यांना दूर ठेवत राहिले. 2011 मध्ये ते 380 होते, आणि आधीच्या जनगणनेपेक्षा वाढलेले. सेंटिनली आजही कोणाला येऊ देत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजदाद कोणालाच करता आलेली नाही. पण दुरून दिसणारी माणसं धडधाकट दिसतात, लहान मुलं दिसतात. ज्यांनी जितका जास्त काळ आपल्याला दूर ठेवलं, ते तितके टिकले. मी आयुष्यभर मुलांना ‘शिकलात तर टिकाल’ असं सांगितलं. इथे चारही पानांवर उलटं लिहिलेलं होतं.

याचं कारण बेट असण्यातच आहे, हे मला हळूहळू समजलं. वारली शेकडो वर्षं बाजाराला येतात, भिवंडी-वसईपर्यंत मजुरीला जातात. गोवर, देवी, सर्दी-पडसं या साऱ्यांशी त्यांच्या पिढ्यांची ओळख आहे. बेटावर हजारो वर्षं वेगळ्या राहिलेल्या माणसाच्या शरीराला या रोगांची ओळखच नसते. आणि पाड्यावर त्रास झाला तर माणूस पुढच्या डोंगरावर जातो. बेटावर पुढचा डोंगर नसतो. हे माणसांपुरतंच नाही. नारकोंडम हा समुद्रातून वर आलेला एवढासा ज्वालामुखी, आणि त्याच्यावरचा धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. शिकारीसाठी म्हणून इंग्रजांनी अंदमानात चितळ आणून सोडले. त्यांना खाणारं जनावर तिथे नाही, त्यामुळे ते वाढत गेले आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करत राहिले. इंटरव्ह्यू बेटावर एका लाकूड कंपनीने धंदा बंद करताना हत्ती तसेच सोडून दिले, आणि त्यांनी तिथली झाडी सोलून काढली. चितळ वाईट नाही, हत्तीही नाही. पण बेटाने त्यांना सामावायची तयारी कधी केलेली नव्हती.

हे सगळं कागदावरचं. एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. पोर्ट ब्लेअरहून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला जायचं, तर जारवांच्या राखीव जंगलातून जावं लागतं. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे अंधारातच गाड्यांची रांग लागते. चहाच्या टपऱ्या, डब्यांतून इडल्या, झोपेतली मुलं. फाटकाजवळ पाटी: फोटो काढू नका, गाडी थांबवू नका, खायला देऊ नका. सहाच्या सुमारास पोलिसांच्या गाडीमागे सगळा ताफा निघतो. आमचा चालक बंगाली होता, त्याचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसवले गेलेले. ‘मॅडम, शीशा बंद, मोबाइल अंदर,’ एवढंच तो म्हणाला. नंतर परतीच्या बोटीत त्याने सांगितलं की त्याची आजी रात्री दाराला पत्र्याचे डबे टांगून झोपायची, जारवा आले तर आवाज व्हावा म्हणून. सरकारने त्यांना जमीन दिली होती, पण ती कोणाची होती हे सांगितलं नव्हतं. त्या आजीचा राग मला करता येत नाही.

जंगलात शिरलो तशी आमच्या गाडीतली सगळी शिक्षक मंडळी एका खिडकीकडे सरकली. ‘दिसले का? दिसले का?’ एका वळणावर एक बाई उभी होती, कडेवर मूल, गळ्यात लाल धाग्यांच्या माळा. गाड्या जवळ आल्या तशी ती वळली आणि मुलाचं तोंड तिने आपल्या खांद्यात दाबून धरलं. तेवढंच. गाडीत कोणीतरी म्हणालं, ‘अरेरे, नीट दिसलीच नाही.’

मला आमच्या शाळेतले पाहुण्यांचे दिवस आठवले. साहेब आले की आमची मुलं तारपा धरायची, गोल फेर धरून नाचायची. साहेब फोटो काढायचे, आणि मुलांना लाडू मिळायचे. 2012 मध्ये याच रस्त्यावर जारवा बायकांना खाऊ दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा देशभर संताप झाला होता. मीही संतापले होते, आणि लगेच म्हटलं होतं, की म्हणूनच त्यांना शिकवलं पाहिजे. त्या वळणावर मला ते म्हणता येईना. त्या बाईला शिकण्यासारखं तिथे काही नव्हतं. थांबायचं होतं ते आम्ही.

हा रस्ता राखीव क्षेत्रापुरता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्येच दिला होता. त्या आदेशामागच्या याचिकेत पोर्ट ब्लेअरच्या एका पर्यावरण संस्थेबरोबर पुण्याची ‘कल्पवृक्ष’ आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझ्याच राज्यातली माणसं हे काम करत होती, आणि मी सभांमधून अशाच लोकांशी वाद घालत होते. पंकज सेखसरिया गेली अनेक वर्षं या बेटांबद्दल चिकाटीने लिहीत आहेत. त्यांच्या लेखनाने मला आकडे दिले आणि ते कसे वाचायचे तेही दाखवलं.

सेंटिनलींच्या बाबतीत तर मला आता शंका उरलेली नाही. 1880 मध्ये पोर्टमनने त्यांच्यातलं एक वृद्ध जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली. म्हातारा-म्हातारी आजारी पडून मेली, आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत बेटावर सोडण्यात आलं. त्या मुलांबरोबर काय रोग गेले असतील, कोणास ठाऊक. त्यानंतर या लोकांनी बाण रोखले तर त्याला रानटीपणा म्हणायचं? मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित 1967 पासून नारळ घेऊन त्या किनाऱ्यावर जात राहिले. 1991 च्या जानेवारीत पहिल्यांदा त्या लोकांनी पाण्यात येऊन हातांनी नारळ घेतले. त्या तुकडीत मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. त्यांनी सांगितलं आहे, की एका तरुणाने त्यांच्यावर बाण ताणला तेव्हा शेजारच्या बाईने त्याला ढकललं, आणि बाण पाण्यात पडला. अशी समजूतदार माणसं ही. पुढे काही वर्षांतच या भेटी बंद झाल्या, आणि ज्या पंडितांनी एवढी वर्षं मैत्रीसाठी घालवली, तेच म्हणाले की त्यांना आपण नको आहोत, तर जाऊ नये. 2004 च्या त्सुनामीनंतर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर त्यांची खबर घ्यायला गेलं, तेव्हा खालून एका माणसाने त्याच्यावर बाण रोखला. ते छायाचित्र जगभर गेलं. मला त्यात आता एकच गोष्ट दिसते: एवढ्या लाटेतूनही हे लोक वाचले, आणि आपल्या मदतीशिवाय वाचले. ओंगीही वाचले. समुद्र मागे हटताना बघून ते उंचावर गेले होते.

यातून मी ‘जंगलातलं जीवन सुंदर असतं’ अशा मताला आलेले नाही. तसं म्हणणाऱ्यांबरोबर मी अजूनही बसू शकत नाही. जारवांमध्ये 1999 मध्ये गोवर पसरला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना वाचवलं; तिथे दवाखाना नसता तर त्यांचीही ग्रेट अंदमानींसारखी गत झाली असती. अर्थात गोवर तिथवर नेला तोही आपणच. वारली मुलांच्या शाळेबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. त्यांची जमीन आपल्या कायद्याखाली आहे, त्यांना तो कायदा वाचता आलाच पाहिजे. आणि एक प्रश्न मला अजून झोपेतून उठवतो: सेंटिनल बेटावर एखादं मूल साध्या जुलाबाने मरत असेल, आणि आपल्याकडे चार आण्याची मीठ-साखरेची पुडी असेल, तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकते, की ती पुडी देणारा हात त्याच वेळी काय काय घेऊन जाईल याचा हिशेब आधी करावा लागतो, आणि तो हिशेब चार पानांवर लिहिलेला आहे. जारवांची तरुण मुलं आता हिंदी बोलतात. त्यांना उद्या शाळा हवीशी वाटली, तर ती त्यांनी मागावी, आणि तेव्हा मी सर्वांत आधी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

हे सगळं आज लिहायचं कारण ग्रेट निकोबार. तिथे गॅलेथिया उपसागरात मोठं बंदर, शिवाय विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर होणार आहे. एकशे तीस चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचं ठरलं आहे. त्या किनाऱ्यावर चामडी पाठीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पण माझा जीव अडकला आहे तो शोंपेन लोकांत. 2011 च्या जनगणनेत ते 229 होते, त्यांच्यातले पुष्कळजण बाहेरच्यांना टाळूनच राहतात. देशाच्या संरक्षणाला बंदर लागतं, हे मला समजतं, आणि तो मुद्दा मी हलका मानत नाही. त्सुनामीत आपली गावं सोडून आलेल्या निकोबारींना परत आपल्या जागी जायचं आहे. त्यांच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती नोव्हेंबर 2022 मध्ये मागे घेतली. शोंपेनांना मात्र कोणी विचारलं, कोणत्या भाषेत विचारलं, आणि ते काय म्हणाले, हे कोणी मला सांगत नाही. तोवर या प्रकल्पाच्या बाजूने मला बोलता येणार नाही. शाळा, दवाखाना, रोजगार सगळं देऊ, असं आता शोंपेनांबद्दल म्हटलं जातं. ते मी ऐकते तेव्हा मला माझीच जुनी व्याख्यानं ऐकू येतात, आणि मी उठून बोलायला लागते.